जबलपूर : जोडाऱ्याची वाट ठरलेली, गवंड्याची मात्र नाही

जबलपूर - हाताचे कौशल्य शिकून पोट भरू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यासमोर मध्य प्रदेशातील या शहरात दोन मार्ग आहेत. एक कारखान्याचा, दुसरा बांधकामाचा. पहिल्या मार्गावर पुढची पायरी दिसते. दुसऱ्यावर ती अद्याप नीट बांधलेलीच नाही.

जबलपूरचा तोफगाडी कारखाना १९०४ मधील आहे. पुढे खमरियाचा दारूगोळा कारखाना आणि लष्करी वाहनांचा कारखाना उभा राहिला. आयटीआयमधून जोडारी, यंत्र कारागीर वा संधाता व्हायचे, १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार उमेदवारी करायची आणि मग भरतीची वाट पाहायची, हा क्रम येथील कामगार कुटुंबांच्या परिचयाचा आहे.

हा मार्गही आता पूर्वीइतका सरळ नाही. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळाच्या जागी सात सरकारी कंपन्या आल्या. हे तिन्ही कारखाने तीन वेगवेगळ्या कंपन्यांकडे गेले. त्यांपैकी खमरियाचा कारखाना पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाकडे आहे. कंपनी झाल्यावर नव्या भरतीचे गणित हाती असलेल्या मागणीशी जोडले जाणार, हे उघड आहे.

दुसरीकडे शहरात बांधकामांना तोटा नाही. दमोह नाका ते मदन महल हा सुमारे सात किलोमीटरचा उड्डाणपूल ऑगस्ट २०२५ मध्ये वाहतुकीसाठी खुला झाला. मात्र अशा शहरात गवंडी अजूनही बहुधा बिगारी म्हणून सुरुवात करतो आणि मिस्त्रीच्या हाताखाली शिकतो. मुकादम प्रमाणपत्र विचारत नाही आणि त्यामुळे मजुरीही वाढत नाही.

नियमांतही एक मेख आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यास संबंधित शाखेच्या पदविकेला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो आणि पदविकेनंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षात. स्थापत्य आरेखक, वीजतंत्री आणि जोडारी हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे आहेत. गवंडीकामाचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे. म्हणजेच प्रत्यक्ष भिंत बांधणाऱ्यासाठीच हे दार बंद राहते.

हा प्रश्न केवळ रोजगाराचा नाही. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूर परिसरात झालेल्या भूकंपात तीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला आणि हजारो घरांची हानी झाली. त्याआधी १९९३ मध्ये किल्लारीने महाराष्ट्राला हाच धडा दिला होता. दगडी भिंतीचे दोन थर जोडणारा आरपार दगड बसवला की नाही, कोपरे एकमेकांत गुंफले की नाही, हे अखेर गवंड्याच्या हातावर ठरते.

२०१५ च्या कौशल्य विकास योजनेत अनुभवी कारागिरांच्या कौशल्याला प्रमाणपत्र देण्याची सोय झाली; २०२३ च्या विश्वकर्मा योजनेत गवंडी आणि सुतार यांचा समावेश झाला. तथापि प्रमाणपत्राला बाजारात किंमत मिळाल्याखेरीज विद्यार्थी तिकडे वळणार नाहीत. सरकारी कामांच्या निविदांत प्रशिक्षित गवंड्यांची अट घालणे आणि त्यांना पदविकेपर्यंत पोहोचवणारा जोड अभ्यासक्रम आखणे, हे दोन उपाय शासनाच्या हाती आहेत. तोवर दहावीच्या विद्यार्थ्याने प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी एवढे जरूर पाहावे, की निवडलेला अभ्यासक्रम कोठे संपतो.