थीसियसचे कांस्यशिल्प: ‘अस्सल’ म्हणायचे कोणाला?

क्रीटच्या चक्रव्यूहात शिरून बैलाच्या डोक्याच्या मिनोटॉरला ठार करणारा थीसियस हा ग्रीक पुराणकथांतला मोठा वीर. फ्रेंच शिल्पकार आंत्वान-लुई बारी याने १८४३च्या सुमारास ही झुंज शिल्पात उतरवली. उंची जेमतेम दीड फूट. मिनोटॉर जिवाच्या आकांताने थीसियसच्या अंगाला बिलगलेला. थीसियसचा चेहरा मात्र निर्विकार, हातातली आखूड तलवार वार करण्याच्या बेतात. खाटकाच्या चेहऱ्यावरही याहून अधिक भाव असतील!

हे शिल्प विक्रीला आले की ‘अस्सल, पुरातन’ ही विशेषणे ठरलेली. ती वाचकाची दिशाभूल करतात, कारण या थीसियसच्या प्रती अनेक आहेत आणि त्यांतल्या कित्येक बारीच्या मृत्यूनंतर ओतलेल्या आहेत.

बारी मुळात सोनारकाम शिकलेला. १८३७मध्ये पॅरिसच्या अधिकृत प्रदर्शनाच्या परीक्षकांनी त्याची छोटी शिल्पे नाकारली. पुढे त्याने स्वतःच ती ओतून, कानस मारून, त्यांवर रंगछटा चढवून विकण्याचा मार्ग धरला. किमतींसह सूचिपत्रकेही छापली. कलावंत म्हणून हा हट्ट थोर, पण व्यापार म्हणून आतबट्ट्याचा. १८४८मध्ये दिवाळे निघाले आणि नमुने एमिल मार्तँ या धनकोच्या ताब्यात गेले. ते सुटायला १८५७ उजाडले. दरम्यान मार्तँने त्यांच्या प्रती काढून विकल्या. १८७५मध्ये बारी वारला. पुढच्याच वर्षी झालेल्या लिलावात फर्दिनां बार्बेदिएन या बड्या कारखानदाराने त्याचे अनेक नमुने विकत घेतले. त्याच्या ओतशाळेतून पुढे कित्येक वर्षे बारीची शिल्पे बाहेर पडत राहिली.

हे शक्य झाले ते ओतकामाच्या पद्धतीमुळे. आधी एक कांस्याचाच ‘मुख्य नमुना’ तयार होई, सुट्या भागांचा, खिळ्यांनी जोडता येणारा. तो वाळूत दाबून साचा घ्यायचा, धातू ओतायचा, साचा मोडायचा. नमुना पुढच्या प्रतीसाठी तयारच. शिल्पकाराची स्वाक्षरी नमुन्यावरच असल्याने ती प्रत्येक प्रतीवर आपोआप उमटे. म्हणजे ‘बारी’ हे नाव दिसले, एवढ्यावरून प्रत त्याच्या हयातीतली ठरत नाही.

मग बार्बेदिएनच्या प्रती नकली म्हणायच्या का? मुळीच नाही. एकच शिल्प अनेक घरांत पोहोचावे, हा बारीचाच बेत होता. नमुनेही रीतसर विकत घेतलेले. परंतु त्या बारीच्या हातच्याही नव्हेत. त्याच्या कारखान्यातल्या प्रतीत स्नायूंच्या कडा आणि रंगछटा यांवर त्याची स्वतःची नजर फिरलेली असे. हा फरक झाकून दोन्हींना एकच विशेषण लावणे हे अज्ञान तरी असते किंवा लबाडी तरी.

खरी फसवणूक निराळीच. तयार मूर्तीवरूनच साचा घेऊन नवी मूर्ती ओततात. निवताना कांस्य आकसते, त्यामुळे अशी मूर्ती मूळ प्रतीपेक्षा किंचित लहान भरते आणि तपशीलही बोथट होतात. स्वाक्षरी तिच्यावरही असतेच. अशा वेळी स्वाक्षरीपेक्षा मोजपट्टी अधिक विश्वासाची, आणि तळाशी ‘एफ. बार्बेदिएन’ असे कोरलेले असेल, तर ते लपवण्याजोगे वैगुण्य नसून त्या प्रतीचा जन्मदाखला असतो.