हिंगोटाचं तेल



गेल्या गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाआधी रंगपटात लेझमाच्या मुलींची तयारी चालली होती. वेष ठरलेला होता: नऊवारी, चापूनचोपून बसवलेले केस, अंबाडा, त्यावर गजरा. खुर्चीत माझी सहा वर्षांची नात बसली होती आणि बारीक दातांची फणी माझ्या हातात होती. माझी सून नायजेरियन, मुलगा इंदूरला वाढलेला. केस कोरडे होते. मी मुळापासून फणी ओढली, ती अडकली, पुन्हा ओढली. पोर रडली नाही. तिनं खुर्चीचे हात घट्ट धरले आणि विचारलं, "आजी, माझे केस वाईट आहेत का?" शेजारून कुणीतरी प्रेमानंच म्हणालं, "छे गं, जरा आवरत नाहीत एवढंच." फणीत तुटलेल्या केसांचा पुंजका राहिला होता, तो मी मुठीत लपवला.

त्या दिवशी तिला मी धड उत्तर दिलं नाही. ते या संपादकीयातून द्यायचं आहे, कारण आई एका खंडातली आणि बाबा दुसऱ्या खंडातले अशी घरं ब्रिटनमधल्या आपल्या मंडळात आता बरीच आहेत, आणि त्या घरांतल्या लेकरांचे केस विंचरताना माझ्यासारख्याच चुका करणाऱ्या आज्या, आत्या, मावश्याही.

माझं माहेर गौतमपुऱ्याचं. इंदूर जिल्ह्यात, देपालपूर तहसिलीत. मल्हारराव होळकरांच्या पत्नी, म्हणजे अहिल्याबाईंच्या सासूबाई गौतमाबाई, त्यांच्या नावाचं हे गाव. बाहेरच्या लोकांना ते हिंगोट युद्धामुळे ठाऊक असतं. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गौतमपुऱ्याचे तुर्रा आणि शेजारच्या रुणजीचे कलंगी समोरासमोर उभे राहतात आणि पेटते हिंगोट एकमेकांवर फेकतात. हिंगोट म्हणजे हिंगोरियाच्या काटेरी झाडाचं फळ, लिंबाएवढं. ते पोखरायचं, वाळवायचं, आत दारू भरायची, तोंड मातीनं लिंपायचं आणि बांबूची काडी बांधायची. दर वर्षी माणसं भाजतात. २०१७ साली एक तरुण जिवाला मुकला. ही प्रथा आहे तशी चालू राहावी असं मला वाटत नाही. पण आज मला त्या फळाविषयी बोलायचं आहे.

या उन्हाळ्यात विहीणबाई नायजेरियातल्या कडुनाहून आल्या. त्यांच्या सामानात वाळलेल्या तपकिरी फळांची पुडी होती आणि पिवळसर तेलाची एक बाटली. फळं नातीसाठी, तिकडची मुलं ती गोळीसारखी चघळतात. त्यांच्या हौसा भाषेत नाव अदुवा. मी एक फळ हातात घेतलं, नखानं साल सोलली आणि ओळखलं. हे आमचं हिंगोट! सेनेगलपासून सुदानपर्यंत, तिथून अरबस्तानातून राजस्थान, माळवा, खानदेशापर्यंत हे झाड पसरलेलं आहे. शास्त्रीय नाव बॅलनाइट्स इजिप्टियाका. भारतातल्या झाडाला काही जण रॉक्सबर्गी असं वेगळं नाव देतात, पण कूळ एकच. मराठीत हिंगणबेट, संस्कृतात इंगुदी. कालिदासाच्या शाकुंतलात इंगुदीची फळं फोडून तेलकट झालेले दगड दिसतात, त्यावरून दुष्यंत आश्रम ओळखतो. दर्भानं तोंड कापलेल्या पाडसाला शकुंतला हेच तेल लावते, आणि तपस्व्यांची डोकीही त्याच तेलानं चोपडलेली असतात. आम्ही मात्र गौतमपुऱ्यात त्यात दारू भरत राहिलो. हे तेल विहीणबाईंच्या घरी अजून केसांना आणि अंगाला लावतात.

मग त्यांनी नातीला न्हाणीघरात नेलं आणि मला शेजारी स्टुलावर बसवलं. आमच्यात भाषा अर्धीमुर्धी, पण हात पाहून सगळं कळत होतं.

मी आजवर कोरड्या केसांवर तेल थापत आले होते. त्यांनी आधी केस पाण्यानं पूर्ण भिजवले. मग ओंजळभर कंडिशनर. मग बोटांनी केसांचे चार भाग केले, तीन भाग चिमट्यांनी बाजूला ठेवले आणि एकच हातात घेतला. रुंद दातांचा कंगवा टोकाला लावला, मुळाला नाही. टोकाची दोन बोटं सुटली की थोडं वर, ती सुटली की आणखी वर. गुंता आला की त्याच्या वरचा केस दुसऱ्या हातानं घट्ट धरायचा, म्हणजे डोक्याला ओढ बसत नाही. पाऊण तास गेला आणि त्या वेळात नात दोन गोष्टी ऐकून तिसरी मागत होती. शेवटी ओल्याच केसांवर हिंगोटाच्या तेलाचे चार-पाच थेंब हातावर चोळून लावले. आधी पाणी, मग तेल. पाणी केसाला मऊ करतं, तेल ते पाणी उडू देत नाही.

याचं कारण मी मग वाचून काढलं. सरळ केस आडवा कापला तर गोलसर दिसतो, घट्ट कुरळा केस चपटा. डोक्याच्या कातडीतून पाझरणारं तेल सरळ केसावरून टोकापर्यंत उतरतं. कुरळ्या केसाच्या वळणांवर ते अडतं, म्हणून टोकं कोरडी पडतात. प्रत्येक वळण ही केसाची नाजूक जागा, कोरडी फणी तिथेच तो तोडते. म्हणून हे केस रोज धुवायचे नसतात. आठवड्यातून एकदा, फार फेस न होणाऱ्या शांपूनं धुतले तरी पुष्कळ. रात्री सुती उशी केसांतला ओलावा शोषते आणि घासून गुंता करते. मी माझ्या जुन्या रेशमी साडीच्या पदराची टोपी शिवली आहे. नात ती घातल्याशिवाय झोपत नाही.

आपल्याकडचं सगळंच चुकीचं असतं असं मात्र कुणी समजू नये. मुंबईतल्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली. केसातलं प्रथिन धुण्यात वाहून जाणं फक्त खोबरेलानं कमी झालं. त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं. आजीची शनिवारची तेलचंपी खुशाल करा, फक्त पाण्यानंतर आणि फणीशिवाय. घट्ट वेणी आणि अंबाडा मात्र जपून. कपाळाच्या कडेला बारीक पुटकुळ्या आल्या, मूल डोकं दुखतं म्हणालं, तर वेणी लगेच सोडा. वर्षानुवर्षं ओढ बसत राहिली तर कडेचे केस कायमचे जातात. आपल्या सरळ केसांच्या मुलींनाही हे लागू आहे.

जावळावरून अनेक घरांत वाद होतात. आपण वर्षाच्या आत किंवा तिसऱ्या वर्षी गोटा करतो, आणि 'केस दाट येतील' असंही म्हणतो. कॅरिबियन बेटांतल्या बऱ्याच घरांत मूल बोलायला लागेपर्यंत केसांना कात्री लावत नाहीत. दोन्ही बाजूंना देव आहे, आई आहे. शास्त्र एवढंच सांगतं की केसाचं मूळ कातडीखाली असतं, वस्तरा तिथं पोचत नाही, तेव्हा दाट होण्याचं कारण पुढे करू नये. संस्कार म्हणून करायचं तर एक बट कापूनही करता येतं. आमच्या घरी तसंच केलं.

आता कातडी. पहिली गोष्ट, तान्ह्या बाळाच्या कमरेवर, ढुंगणावर जन्मतःच निळसर-करडे डाग असतात. आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या बाळांत ते नेहमीचे, निरुपद्रवी, बहुतेक काही वर्षांत जातात. इथल्या एका पाळणाघरानं माझ्या नातीच्या कमरेवरचा तसाच डाग माराचा वळ समजून नोंदवला आणि मुलगा-सून पंधरा दिवस चौकशीला तोंड देत होते. म्हणून विनंती: बाळ घरी आलं की नर्सकडून हे डाग बाळाच्या नोंदवहीत आकृतीसह लिहून घ्या.

दुसरी, इसब. पुस्तकांत ते लाल दाखवतात. सावळ्या-काळ्या कातडीवर ते करडं, जांभळट किंवा नुसतं खरखरीत दिसतं, म्हणून डॉक्टरच्याही नजरेतून सुटतं. लंडनच्या सेंट जॉर्जेस विद्यापीठातल्या मलोन मुकवेंडे या वैद्यकीय विद्यार्थ्यानं आपल्या दोन शिक्षकांबरोबर २०२० साली 'माइंड द गॅप' ही पुस्तिका काढली, ती नेमकी यासाठीच. त्यात गडद कातडीवर आजार कसे दिसतात याची छायाचित्रं आहेत. डॉक्टरकडे जाताना ती फोनवर उघडून न्या. इसब बरं झाल्यावर फिकट किंवा गडद ठसा मागे राहतो. गालावर पांढुरके चट्टे उठले की आपल्या बायका जंत झाले म्हणतात, नाहीतर कोड म्हणून धास्तावतात. बहुधा ते कोरड्या कातडीचे असतात, मलम आणि उन्हापासून जपणूक यांनी काही महिन्यांत जातात. खात्री डॉक्टरकडूनच करा.

बाळाच्या मालिशीला ऑलिव्ह तेल नको. शेफील्डच्या संशोधकांना २०१३ साली आढळलं की त्यानं कातडीचा वरचा थर कमकुवत होतो. आणि सावळं मूल उन्हात भाजत नाही हा समज सोडून द्या. सनस्क्रीन त्यालाही हवं. त्याच वेळी गडद कातडीला इथल्या फिक्या उन्हातून ड जीवनसत्त्व पुरेसं मिळत नाही. अशा कातडीच्या मोठ्यांना आणि मुलांना रोज १० मायक्रोग्रॅम, वर्षभर, अशी इथल्या सरकारी आरोग्यसेवेची शिफारस आहे.

उटण्याबद्दल लिहिताना हात जरा थबकतो, कारण उद्या-परवा तेच आपण सगळे लावणार. अभ्यंगस्नानाचा वास मला अजून थेट गौतमपुऱ्याच्या न्हाणीत नेतो. लावा, पण मऊ, दुधात कालवलेलं, इसब असेल तिथं टाळून. आणि लावताना "गोरी होशील हं" असं म्हणू नका. ते वाक्य कातडीत मुरतं. एका क्रीमनं १९७५ पासून तेच वाक्य विकलं आणि २०२० मध्ये नावातला गोरेपणा काढून टाकला. आपल्या तोंडातून तो अजून गेलेला नाही. "सावळी असली तरी नाकीडोळी नीटस" यातलं 'तरी' मुलांना बरोबर ऐकू येतं. दोन भावंडांत एकाचे केस सरळ, दुसऱ्याचे घट्ट कुरळे असले की कौतुक कुणाचं होतं, हेही.

आमच्या इंदूरला मिश्र घरं नवीन नाहीत. १९२८ साली तिसऱ्या तुकोजीराव होळकरांनी सिअ‍ॅटलच्या नॅन्सी मिलरशी लग्न केलं. त्या शर्मिष्ठादेवी झाल्या, त्यांना चार मुली झाल्या. पुढे तुकोजीरावांचे वारस यशवंतराव यांचे पुत्र रिचर्ड हेही अमेरिकन आईचे. महेश्वरच्या विणकरांसाठी त्यांनी आणि त्यांच्या तेव्हाच्या पत्नी सॅली होळकरांनी रेहवा सोसायटी उभी केली. त्या लग्नांवरून वादळं झाली, वारशाचे प्रश्न आले. पण गोऱ्या आईच्या मुलांच्या केसांना आणि कातडीला आपल्या समाजानं नावं ठेवल्याचं मी माझ्या माहेरी कधी ऐकलं नाही. आफ्रिकी आईच्या मुलीला तीच माया द्यायला आपण अडखळतो, हे मान्य केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

इथल्या समता व मानवी हक्क आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये शाळांना बजावलं की आफ्रो केस, वेण्या, बटा यांवर सरसकट बंदी घालणं बेकायदा ठरू शकतं. काही शाळांनी नियम बदलले. आपल्या लेझीम पथकाचा चापूनचोपून अंबाड्याचा नियम मात्र तसाच होता. कार्यकारिणीनं तो आता काढला आहे. गजरा कुरळ्या केसांच्या दोन झुबक्यांवरही माळता येतो, आणि फार छान दिसतो.

या दिवाळीच्या कार्यक्रमात रंगपटातल्या टेबलावर रुंद दातांचे कंगवे, पाण्याची फवारणी, कंडिशनर आणि तीन-चार वेगवेगळ्या छटांचा मेकअप ठेवला जाईल. ज्या आयांना हे केस सांभाळता येतात त्यांनी तासभर लवकर यावं आणि आम्हा आज्यांना शिकवावं. मुलांचे केस घरूनच ओले करून, सोडवून आणा. रंगपट दुपारी २ वाजता उघडेल. माझी नात दुसऱ्या रांगेत, डावीकडून तिसरी आहे. तिचे केस छान आहेत, आणि हे मी तिला सांगितलं आहे.