आमच्या कपाटात नसलेले ‘बलुतं’

गेल्या हिवाळ्यात नातीला घेऊन पेडण्यास गेलो होतो. आमचे मूळ तिकडचे. पेडणे महालातील केरीचे जिवबादादा बक्षी महादजी शिंद्यांच्या फौजेत नावारूपास आले आणि त्यांच्या आधाराने जी घरे उत्तरेत आली त्यांतले एक आमचे, असे वडील सांगत. भगवतीच्या देवळापुढचे ते दोन भव्य हत्ती पाहून, दर्शन घेऊन बिऱ्हाडी परतलो आणि ओसरीवर टेकलो. नातीने पिशवीतून पुस्तक काढले. दया पवारांचे ‘बलुतं’, पण इंग्रजीत. अनुवादक जेरी पिंटो. थोड्या वेळाने तिने विचारले, “आजोबा, हे मुळात मराठी ना? मग आपल्या घरी कसं नाही?”

मला उत्तर सुचले नाही. ग्वाल्हेरच्या आमच्या कपाटात हरिभाऊ आहेत, खांडेकर आहेत, ज्ञानेश्वरीच्या तीन प्रती आहेत. १९७८ सालचे ‘बलुतं’ नाही. बाबुराव बागुलांचे ‘जेव्हा मी जात चोरली होती’ तर १९६३ सालचे, तेही नाही. परमुलखात मराठी राखली, असा आमच्यासारख्या घरांचा अभिमान. पण जी राखली ती आपल्याच ओसरीपुरती!

हे पिंटो मूळच्या गोमंतकीय ख्रिस्ती घराण्यातले. १९६६ चा जन्म, वास्तव्य मुंबईत, लेखन इंग्रजीत. कविता, कादंबऱ्या, अभिनेत्री हेलनचे चरित्र, गोव्यावरील लेखांचे संपादन, शिवाय मराठीतून अनुवाद. हा पसारा पाहून कोणी म्हणेल, गृहस्थाला एक वाट सापडलेली नाही. मला तसे वाटत नाही. ‘एम अँड द बिग हूम’ (२०१२) या कादंबरीत माहीमच्या एका छोट्या घरातला मुलगा आपल्या आईच्या मनोविकाराची कथा सांगतो. तीत आईची थट्टाही आहे आणि तिच्यावरची मायाही. तिला २०१६ साली साहित्य अकादेमीचे पारितोषिक मिळाले. ‘मर्डर इन माहीम’ (२०१७) ही खुनाच्या तपासाची कथा. पण तिचा विषय तेव्हा कायद्याने गुन्हा ठरवलेले पुरुषांमधले प्रेम. ‘बलुतं’चा अनुवाद २०१५ चा, बागुलांचा २०१८ चा. घराने माजघरात कोंडून ठेवलेले ओसरीवर आणावयाचे, हे एकच काम हा लेखक निरनिराळ्या वेशांत करीत आला आहे. आमच्याही घरात वेड लागलेल्या एक आत्या होत्या. त्यांचे नाव पाहुण्यांसमोर निघत नसे.

यावर आक्षेप येईल की, इंग्रजीत सारे मिळू लागले तर मुले मराठी शिकतील कशाला? आक्षेप खोटा नाही. ‘बलुतं’ची बोली इंग्रजीत पुरती उतरणेही अशक्य. परंतु आमच्या ग्वाल्हेर घराण्याच्या गायिका नीला भागवत यांच्यासह पिंटो यांनी संत कवयित्रींचे अभंग इंग्रजीत नेले (२०१९), शांता गोखले यांच्यासह तुकोबांना नेले (२०२३). आणि त्याच शांताबाईंनी पिंटो यांची कादंबरी ‘एम आणि हूमराव’ या नावाने मराठीत आणली. देवघेव दोन्ही बाजूंनी चालू असताना तक्रार कोणाची करावयाची?

दुसऱ्या दिवशी डिचोली महालातील नार्वे गाठले. सप्तकोटेश्वर मूळचा दिवाडी बेटावरचा. पोर्तुगीज अमदानीत तेथील देऊळ गेले, देव नदी ओलांडून नार्व्यास आला आणि १६६८ साली शिवछत्रपतींनी त्या देवळाचा जीर्णोद्धार करविला. नातीला हे सांगताना वाटले, देवाने परक्या काठाचा आसरा घेतला यात त्याला उणेपणा कसला? नव्या काठावर कोणी दिवा लावला, हे महत्त्वाचे. आमच्या घरात ‘बलुतं’चा दिवा लागला तो इंग्रजी काठावरून, एका पिंट्यांच्या हातून. त्यांचा मी ऋणी आहे. खंत आहे ती आमच्या कपाटाची.

परतल्यावर मराठी ‘बलुतं’ मागविले. आता रात्री जेवणानंतर ती मराठी पान अडखळत वाचते आणि अडले की इंग्रजीत पाहते. कित्येक शब्दांपाशी मीही अडतो. ते शब्द आमच्या घरात कधी आलेच नव्हते.