पाच रात्री कुणाला मिळतात?

बारा ते सोळा वर्षांच्या वाचकांसाठी लिहिणाऱ्या कुठल्याही लेखकाची मुलाखत वाचा. दोन प्रश्न ठरलेले असतात. तुम्ही लिहिता केव्हा? आणि तुमची प्रेरणा कोण? पहिल्याचं उत्तर बहुधा ‘पहाटे’ नाहीतर ‘रात्री सामसूम झाल्यावर’ असं येतं. दुसऱ्याचं उत्तर पुष्कळदा ‘माझी आई’ असं असतं. लेखक पहाटे लिहीत असतो तेव्हा ही आई काय करत असते, हा तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही. तो आपण बायकांनी विचारायला हवा.

या वयाच्या मुलामुलींनी पिढ्यान् पिढ्या वाचलेलं मराठी पुस्तक म्हणजे ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये, अवघ्या पाच दिवसांत लिहिलं. दिवसा तुरुंगातलं काम करायचं आणि रात्री लिहायचं. १९३५ साली ते छापून आलं. परक्या सरकारच्या कैदेत बसून इतकं मायेचं पुस्तक लिहिणाऱ्या माणसाबद्दल मला आदरच आहे. तरीही एक गोष्ट डोळ्याआड करता येत नाही. तुरुंगातल्या कैद्यालासुद्धा रात्री कुणी उठवून ‘भात लाव’ असं सांगत नाही. ज्या आईवर हे पुस्तक उभं आहे, तिला आपली गोष्ट आपणच सांगायची असती, तर सलग पाच रात्री कुठून मिळाल्या असत्या? आई प्रेरणा झाली आणि मुलगा लेखक झाला. आपल्या साहित्यातली ही श्रमविभागणी इतकी अंगवळणी पडली आहे की ती श्रमविभागणी आहे हेच जाणवत नाही.

मी तळेगावला (श्यामजी पंत) राहते. आष्टी तालुक्यातलं, नागपूर-अमरावती महामार्गावरचं हे गाव. आमच्या रविवारच्या गटात आठवी ते बारावीच्या मुली येतात. त्यांच्याजवळ गोष्टींची कमी नाही. रस्त्यावरचे अपघात, धाकट्या बहिणीचं मोडलेलं लग्न, शाळा सुटलेली मैत्रीण, कापसाच्या वेचणीला गेल्यावर धुऱ्यावर बसून ऐकलेल्या भुताच्या गोष्टी. पण लिहून आण म्हटलं की वही कोरी येते. एकीनं कारण एका वाक्यात सांगितलं, “ताई, लिहाले बसली का माय आवाज देते.” माय वाईट नाही. दिवसभर वेचणी करून आलेली, पाठ मोडलेली बाई आवाज देणार कुणाला? घरात मुलगाही असतो, पण तो ‘अभ्यास करतो’.

याला आकड्यांचाही आधार आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत, बिनमोल घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. ही मोजणी सहा वर्षांपासून पुढच्या सगळ्यांची आहे, म्हणजे आपल्या शाळकरी मुलीही त्यात आल्या. लेखकाची ‘लिहिण्याची सवय’ म्हणून जिचं कौतुक होतं, ती या उरलेल्या दोनशे मिनिटांतून तयार होते.

आता पुस्तकांकडे पाहा. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे सायकल काढून कुठंही जातो, संकटात उडी घेतो, आणि त्याला ‘अंधार पडायच्या आत ये’ असं कुणी म्हणत नाही. तो मलाही आवडतो. पण जी मुलगी फिरलीच नाही, ती पुढे फिरणाऱ्या मुलीची गोष्ट कशी लिहिणार? साहित्य अकादमीनं २०१० ते २०२५ या सोळा वर्षांत मराठीला जे बालसाहित्य पुरस्कार दिले, त्यांत बायका दोनच आहेत. २०१४ साली माधुरी पुरंदरे आणि २०२२ साली ‘पियूची वही’साठी संगीता बर्वे. दुसऱ्या पुस्तकाची नायिका वही लिहिणारी शाळकरी मुलगी आहे, हे आमच्या मुलींना फार भावलं.

काही जणी म्हणतील, प्रतिभा असली की बाई जात्यावरही रचते. बहिणाबाई बघा. जरूर बघू. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्यांची गाणी घरातल्या मुलांनी उतरवून ठेवली म्हणून उरली, आणि १९५१ मध्ये त्या गेल्यावर १९५२ मध्ये पुस्तक निघालं. ज्यांच्या घरात उतरवून घेणारं कुणी नव्हतं, त्यांचं काय झालं?

याउलट मुक्ता साळवेचं उदाहरण घ्या. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी, चौदा वर्षांच्या आसपासची मातंग समाजातली मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये दोन भागांत छापून आला. दुःख तर तिच्या आधीच्या शेकडो मुलींनीही भोगलं होतं. मुक्ताला बसायला शाळा मिळाली, वेळ मिळाला आणि वाचून छापणारं कुणी मिळालं. या तीन गोष्टी मिळाल्या की प्रेरणा वाट काढते.

आमच्या मुलींना असा वेळ सापडला तो एसटीत. अहिल्याबाई होळकर योजनेत शाळकरी मुलींना मोफत पास मिळतो. आसपासच्या खेड्यांतून तळेगावला येणाऱ्या मुली सांगतात, बसची वाट बघताना आणि बसमध्ये बसल्यावर कुणी हाक मारत नाही. गोष्ट तिथं जुळते. म्हणून संध्याकाळची एक फेरी बंद झाली तर बुडते ती फक्त शाळा नाही.

गटांनी काय करावं? ‘श्यामची आई’तच एक धडा आहे. आई श्यामला पत्रावळ लावायला शिकायला भाग पाडते, मुलगा म्हणून सूट देत नाही. पुस्तक वाचताना आपण रडलो आणि हा धडा विसरलो. आपल्या बैठकीत घरकामाच्या वाटपावर बोलताना मुलग्याच्या हातात झाडू आणि मुलीच्या हातात रोजचा एक तास, असं ठरवून घ्यावं. बचत गटाच्या खोलीची किल्ली संध्याकाळी मुलींकडे द्यावी. आणि त्यांनी लिहिलेलं शुद्धलेखनाच्या चुका न काढता मोठ्यानं वाचावं, वऱ्हाडीत असेल तर वऱ्हाडीतच. वाचून झालं की त्या वहीतल्या आईलाही विचारावं, “तुझी गोष्ट तू कधी सांगणार?” तिला लिहिता येत नसेल तर तिची मुलगी उतरवून घेईल, पण वर नाव आईचं घालावं.

तुमच्या गावात मुलींना हा तास मिळतो का, आणि तो कुणाच्या कामातून निघतो, हे जरूर कळवा.