धावपट्टीखालचे शेत

वाढत्या शहरात नाहीशी झालेली शर्यतीची मैदाने आणि विमानतळ जुन्या नकाशांवरून हुडकण्याचा छंद आम्हांलाही आहे. महालक्ष्मीचे रेसकोर्स १८८३ साली झाले. त्याआधी मुंबईचे घोडे भायखळ्यास धावत, हे वाचताना मौज वाटते. कल्याणजवळच्या नेवाळीत मात्र ही मौज टिकत नाही. १९४२ साली, ऐन महायुद्धात, ब्रिटिश सरकारने तेथील शेतजमिनी विमानतळासाठी घेतल्या. युद्ध सरले, विमाने गेली, आणि शेतकरी तीच जमीन पुन्हा कसू लागले. ती केवळ युद्धापुरती घेतली होती, असे त्यांचे म्हणणे. संरक्षण खात्याला ते मान्य नाही. नौदलाने भिंत बांधायला घेतली तेव्हा, २२ जून २०१७ रोजी, हा वाद रस्त्यावर पेटला.

अभ्यासक उपग्रहचित्रात धावपट्टीची रेघ शोधतो, कसणारा तिच्याखालचा बांध. रेघ नकाशात सापडते. बांध सापडतो तो बोलण्यात, शेतांच्या नावांत. माहूरच्या परिसरातही शिवाराची ओळख अशा नावांनीच पटते. ही नावे उतरवून घेणे हे आम्हां भाषेच्या लोकांचे काम आहे, आणि १९४२ आठवणारी माणसे आता नव्वदीच्या घरात आहेत.