विश्लेषण : बाथरूममधील गॅस गिझर जीवघेणा का ठरतो? तो बसवताना नेमके काय चुकते?

थंडीचे दिवस आले, की आंघोळीला गेलेली व्यक्ती बराच वेळ बाहेर आली नाही, दार तोडल्यावर ती बेशुद्ध किंवा मृतावस्थेत आढळली, अशा बातम्या महाराष्ट्रातील शहरांतून येऊ लागतात. मार्च २०२३ मध्ये होळीच्या दिवशी मुंबईत घाटकोपर आणि उत्तर प्रदेशात मुरादनगर येथे दोन दाम्पत्ये बाथरूममध्ये मृतावस्थेत आढळली. दोन्ही ठिकाणी गॅस गिझरमधून निघालेल्या विषारी वायूचा संशय व्यक्त झाला होता. अशा घटनांनंतर ‘गॅसगळती झाली असेल’ असा अंदाज बांधला जातो. प्रत्यक्षात अनेकदा गॅस गळलेला नसतो, गिझरही बिघडलेला नसतो. चूक असते ती गिझर बसवण्याच्या जागेत आणि धूर बाहेर नेण्याच्या सोयीत.

गॅसगळती नसतानाही मृत्यू कसा होतो?

एलपीजी किंवा पाइपमधून येणारा नैसर्गिक वायू पुरेशा हवेत जळला, की मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. हवा कमी पडली, की ज्वलन अपुरे राहते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. या वायूला रंग नाही, वास नाही, चव नाही. सिलिंडरमधील गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वास दिलेला असतो. पण गॅस जळाला की तो वासही जळून जातो. त्यामुळे ‘वास येत नाही, म्हणजे धोका नाही’ हा समज इथे उपयोगाचा नाही.

कार्बन मोनॉक्साइड फुप्फुसांतून रक्तात जातो आणि हिमोग्लोबिनला चिकटतो. त्याची ही ओढ ऑक्सिजनच्या तुलनेत २०० पटींहून अधिक असते. म्हणजे श्वास सुरू असतो, हृदय धडधडत असते, पण मेंदूपर्यंत पुरेसा ऑक्सिजन पोहोचत नाही. आधी डोके जड होते, चक्कर येते, मळमळते. मग पायांतील बळ जाते. दाराची कडी काढायची हे कळत असूनही हात तिथवर पोहोचत नाही, अशी अवस्था येते. हवेत या वायूचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ३,२०० भाग झाले, तर पाच-दहा मिनिटांत डोकेदुखी व भोवळ सुरू होते आणि अर्ध्या तासात मृत्यू ओढवू शकतो.

लहानशा गिझरला इतकी हवा लागते का?

गॅस गिझर आकाराने लहान असला, तरी त्यातली आग लहान नसते. विजेचा साठवण गिझर पाणी हळूहळू तापवतो. गॅस गिझरला मात्र वाहते पाणी काही सेकंदांत तापवायचे असते. मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचे, तर १० किलोवॉटहून अधिक उष्णता लागते. स्वयंपाकाच्या शेगडीचे पाच-सहा बर्नर एकाच वेळी मोठ्या आचेवर ठेवावेत, इतकी ही आग आहे. एवढ्या शेगड्या बाथरूममध्ये नेऊन, दार बंद करून कोणी पेटवणार नाही. भिंतीवरच्या पांढऱ्या पेटीत ती आग दिसत नाही, एवढाच फरक.

असा गिझर पूर्ण क्षमतेने चालला, तर तासाला साधारण ०.९ किलो एलपीजी जाळतो. एक किलो एलपीजी जळण्यासाठी सुमारे १२ घनमीटर हवा लागते. पाच फूट बाय सहा फूट आकाराच्या आणि आठ फूट उंचीच्या बाथरूममध्ये एकूण हवाच सात घनमीटरच्या आत असते. खोली पूर्ण बंद धरली, तर १५ मिनिटांत जवळपास दोन पंचमांश हवेतला ऑक्सिजन संपेल. अर्थात दाराच्या फटीतून थोडी हवा येत असते. पण ज्वलन बिघडायला ऑक्सिजन पूर्ण संपावा लागत नाही. त्याचे प्रमाण २१ टक्क्यांवरून १८ टक्क्यांच्या आसपास आले, तरी कार्बन मोनॉक्साइड वाढू लागतो. वरच्या हिशोबाने बंद खोलीत त्याला पाच-सहा मिनिटे पुरेशी आहेत.

म्हणूनच अपघात थंडीत किंवा होळीच्या दिवशी अधिक घडतात. थंडीत झडप बंद असते, पाणी अधिक गरम लागते. होळीला रंग काढण्यासाठी आंघोळ लांबते. घरात एकापाठोपाठ एक आंघोळी होतात, तेव्हा शेवटी जाणाऱ्याच्या वाट्याला आधीच वापरलेली हवा येते.

गिझर बसवताना काय चुकते?

पहिली चूक म्हणजे गिझर बाथरूमच्या आत बसवणे. बाजारात मिळणाऱ्या अनेक लहान गिझरना धूर बाहेर नेणारा पाइपच नसतो. वरच्या जाळीतून सगळा धूर खोलीत येतो. असा गिझर बाहेर, मोकळ्या हवेत लावायचा आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत आणायचा, हाच सुरक्षित मार्ग आहे.

दुसरी चूक ड्राय बाल्कनीची. गिझर बाल्कनीत लावला जातो, मग पाऊस, धूळ, कबुतरे यांच्यासाठी तिथे सरकत्या काचा लागतात. काचा बंद झाल्या, की ती बाल्कनी म्हणजे आणखी एक बंद खोली होते. तिचे दार स्वयंपाकघरात उघडत असेल, तर धूर घरात येतो.

तिसरी चूक पाइपची. धूर नेणारा पाइप असलेल्या गिझरमध्येही तो वर चढत जाणारा, कमीत कमी वळणांचा आणि मोकळ्या हवेत संपणारा असावा लागतो. गरम धूर हलका असल्याने वर जातो. पाइप आडवा लांबवर नेला, खाली वळवला किंवा जोड सैल राहिला, तर तोच धूर मागे फिरतो. साध्या गिझरचा धूर तापलेला असल्याने पाइप धातूचा हवा. नळकामातून उरलेला प्लॅस्टिकचा पाइप जोडणे धोक्याचे आहे. इमारतीच्या अरुंद डक्टमध्ये धूर सोडला, तर तो वरच्या मजल्यावरील बाथरूमच्या झडपेतून शेजाऱ्यांकडे जाऊ शकतो.

चौथी चूक गॅसच्या प्रकाराची. मुंबई, पुण्यासह अनेक शहरांत घरे सिलिंडरकडून पाइपच्या गॅसकडे वळत आहेत. एलपीजीचा दाब साधारण ३० मिलिबार असतो, तर पाइपमधील गॅसचा २१ मिलिबार. दोन्हींसाठी गिझरमधील जेट वेगळे असतात. जुना गिझर जेट न बदलता नव्या जोडणीवर लावला, तर ज्वलन बिघडते. ज्योत निळीऐवजी पिवळी दिसणे, गिझरच्या तोंडाशी काजळी धरणे ही त्याची खूण आहे.

एक्झॉस्ट फॅन किंवा सेन्सर पुरेसा आहे का?

फॅन हवा बाहेर फेकतो, पण तेवढी ताजी हवा आत यायला वाट हवी. दार घट्ट बंद आणि खाली जाळी नसेल, तर फॅनचा उपयोग फार थोडा. गिझरला धुराचा पाइप असेल, तर जोरदार फॅन त्याच पाइपमधून धूर उलटा आत ओढू शकतो.

नव्या गिझरमध्ये ज्योत विझल्यास गॅस बंद करणारी सोय असते. काहींमध्ये २० मिनिटांनी गिझर आपोआप बंद होतो, तर काहींमध्ये ऑक्सिजन कमी झाल्याचे ओळखणारा सेन्सर असतो. या सोयी हव्यातच. पण बंद झालेला गिझर नळ पुन्हा सोडला, की पुन्हा पेटतो आणि ऑक्सिजनचा सेन्सर कार्बन मोनॉक्साइड मोजत नाही. एलपीजीवर चालणाऱ्या लहान गिझरसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस १५५५८ हे मानक आहे. आयएसआय चिन्ह यंत्राबद्दल हमी देते; ते कुठे आणि कसे बसवले, याबद्दल नाही.

इतर देशांत नियम काय?

ब्रिटनमध्ये १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांनुसार बाथरूममध्ये फक्त ‘रूम-सील्ड’ उपकरण बसवता येते, म्हणजे जे हवा बाहेरून घेते, धूर बाहेरच सोडते आणि खोलीच्या हवेला हात लावत नाही. गॅसचे काम नोंदणीकृत तंत्रज्ञानेच करायचे असते. भाड्याच्या घरातील गॅस उपकरणांची दरवर्षी तपासणी करून घेणे घरमालकावर बंधनकारक आहे. चीनने धूर खोलीतच सोडणाऱ्या आंघोळीच्या गिझरचे उत्पादन १९९९ मध्ये आणि विक्री २००० मध्ये थांबवली.

जपानचा अनुभव दुरुस्तीबद्दल सावध करणारा आहे. तिथे एका कंपनीच्या गिझरमुळे १९८५ ते २००५ या काळात २१ जणांचा मृत्यू झाल्याचे २००६ मध्ये उघड झाले. धूर फेकणारा पंखा बंद पडल्यास गिझर थांबवणारी सुरक्षा यंत्रणा अनेक ठिकाणी दुरुस्तीच्या वेळी वायर जोडून निकामी केलेली होती.

अमेरिका आणि कॅनडात घर उबदार ठेवणाऱ्या गॅस फर्नेसलाही हेच तत्त्व लागू आहे. तिथल्या मराठी कुटुंबांना तळघरातील फर्नेस आणि भिंतीतून बाहेर जाणारे पाइप ओळखीचे असतात. बर्फवृष्टीनंतर हे पाइप बुजले, तर धूर घरात अडकतो. म्हणून फावडे हाती घेतल्यावर दारापुढच्या वाटेबरोबर पाइपची तोंडेही मोकळी करायची असतात. आग आणि भाजण्याच्या घटना वगळूनही अमेरिकेत दरवर्षी ४०० हून अधिक लोक कार्बन मोनॉक्साइडने अपघाताने दगावतात. अनेक राज्यांत घरांमध्ये या वायूचा अलार्म सक्तीचा आहे.

आपल्याकडे जबाबदारी कोणाची?

खरी अडचण इथे आहे. गिझर दुकानातून येतो आणि तो बसवतो बहुतेकदा दुकानदाराने पाठवलेला माणूस किंवा नळाची कामे करणारा प्लंबर. त्याला पाण्याचा दाब कळतो. धुराचे गणित त्याला कोणी शिकवलेले असतेच असे नाही. बिल्डरने बाथरूममध्ये गरम पाण्याचा नळ जिथे काढला, तिथेच गिझर टांगला जातो. भाड्याच्या खोल्या, विद्यार्थ्यांची पीजी वसतिगृहे आणि लॉज इथे तर राहणाऱ्याला गिझर कुठे असावा हे ठरवण्याची संधीच नसते. घरमालक वीज वाचते म्हणून गॅस गिझर लावतो आणि भाडेकरू येतात-जातात. गृहनिर्माण संस्था गळकी टाकी तपासतात, लिफ्टची देखभाल करतात. कोणाचा गिझर बाथरूमच्या आत आहे, याची साधी यादीही त्या करू शकतात. भाडेकराराच्या वेळी हा प्रश्न विचारायलाही खर्च येत नाही.

लक्षणे दिसल्यास काय करावे?

आंघोळीत डोके दुखणे, भोवळ किंवा मळमळ जाणवली, तर अंगावर साबण असला तरी आधी दार उघडून बाहेर पडावे. कोणी आत कोसळले असेल, तर दार-खिडक्या उघडाव्यात, गॅस बंद करावा आणि त्या व्यक्तीला तातडीने मोकळ्या हवेत आणावे. आत जाणाऱ्याने श्वास रोखून आणि कमीत कमी वेळ जावे. मदतीला गेलेलाही कोसळू शकतो. श्वास बंद असेल, तर छातीवर दाब देण्यास सुरुवात करून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

डॉक्टरांना ‘घरात गॅस गिझर आहे’ हे आवर्जून सांगावे. कोविडनंतर घरोघरी आलेला पल्स ऑक्सिमीटर इथे फसवतो. त्याला ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांनी भरलेल्या हिमोग्लोबिनमधला फरक कळत नाही, त्यामुळे तो ९८ दाखवू शकतो. निदानासाठी रक्ताची वेगळी तपासणी लागते. बाथरूममध्ये आलेली फीट अपस्मार समजून उपचार सुरू झाल्याची उदाहरणेही वैद्यकीय लेखनात आहेत. डॉक्टर त्याला ‘गॅस गिझर सिंड्रोम’ म्हणतात. साध्या हवेत रक्तातील हा वायू निम्म्यावर यायला चार ते सहा तास लागतात, शुद्ध ऑक्सिजन दिल्यास साधारण तास-दीड तास. बरे वाटू लागल्यावरही काही रुग्णांत स्मृती किंवा हालचालींचे त्रास काही आठवड्यांनी उद्भवतात.

आज घरात काय तपासता येईल?

गिझर बाथरूमच्या आत असेल, तर तो बाहेर हलवणे हाच कायमचा उपाय. ते होईपर्यंत दार आणि झडप उघडी ठेवून बादल्या भरून घ्याव्यात, गिझर बंद करावा, थोडा वेळ हवा खेळू द्यावी आणि मगच आंघोळीला जावे. झडपेला लावलेला पुठ्ठा किंवा काच काढावी. लहान मुले आणि वृद्ध आत असताना कडी लावू नये. ज्योतीचा रंग पाहावा आणि वर्षातून एकदा कंपनीच्या तंत्रज्ञाकडून बर्नर साफ करून घ्यावा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणि एलपीजी गळतीचा अलार्म ही दोन वेगळी यंत्रे आहेत, हे खरेदी करताना लक्षात ठेवावे. एलपीजी जड असल्याने त्याचा अलार्म जमिनीजवळ लागतो. कार्बन मोनॉक्साइड हवेत मिसळतो, त्यामुळे त्याचा अलार्म निर्मात्याने सांगितलेल्या उंचीवर लावावा. एलपीजीचा वास येत असेल, तर विजेच्या बटणांना हात न लावता १९०६ या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे.