बावचीची मात्रा लिहितो, उन्हाची का नाही?

श्वित्राचा रुग्ण आला की बावचीचे तेल लिहावे आणि "सकाळी थोडे उन्हात बसत जा" असे सांगून त्याला निरोप द्यावा, ही आपल्या व्यवसायातील जुनी वहिवाट आहे. आमचीही तीच होती. तेल कोठे लावावे, किती लावावे हे आम्ही चिठ्ठीवर लिहीत असू. ऊन मात्र तोंडी सांगत असू.

काही वर्षांपूर्वी वैशाखात अहमदपूरकडील एका खेड्यातील मुलगी आमच्याकडे आली. लग्न ठरलेले, मनगटावर व पायावर रुपयाएवढे डाग आणि घरच्या मंडळींना घाई. आम्ही तेल दिले. सकाळचे काम उरकून मुलगी माळवदावर जाई ती अकराच्या सुमारास, आणि गुण लवकर यावा म्हणून बसे तासभर. पहिल्या दिवशी काही झाले नाही, दुसऱ्या दिवशी थोडी लाली आली ती तिने शुभचिन्ह मानली, तिसऱ्या दिवशी फोड उठले. व्रण भरून आले, पण डाग पूर्वीपेक्षा मोठे झाले. लग्नाचे काय झाले ते येथे लिहीत नाही. कोडाकडे आपल्या भागात कोणत्या दृष्टीने पाहिले जाते हे वाचक जाणतात. मुलीचे वडील एवढेच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, किती येळ बसायचं ते सांगितलंच नव्हतं की तुम्ही." आमच्यापाशी उत्तर नव्हते.

या घटनेनंतर आम्ही डॉ. मधु पाठक यांच्या संशोधनाकडे वळलो. भारतीय वंशाच्या या शास्त्रज्ञाने अतिनील किरण व त्वचा यांचा संबंध हार्वर्ड विद्यापीठात दीर्घकाळ अभ्यासला. बावचीच्या बीजातील सोरालेन हे द्रव्य १९३३ साली जोईस, मंजुनाथ व वेंकटराव यांनी आपल्याच देशात वेगळे केले होते. १९४८ मध्ये कैरोच्या अल् मोफ्ती यांनी नाईलकाठच्या, त्याच जातीची द्रव्ये असलेल्या वनस्पतीचा कोडावरील उपयोग प्रसिद्ध केला. पाठक व फिट्झपॅट्रिक यांनी १९५९ साली या द्रव्यांच्या प्राचीन इतिहासाचा मागोवा घेतला, आणि १९७४ मध्ये ज्या चौघांनी सोरालेन व दीर्घलहरी अतिनील किरण यांची संयुक्त चिकित्सा सोरायसिसवर मांडली, त्यांत पाठक होते. हीच ती 'पुवा' चिकित्सा.

आपल्या अधिवेशनांतील व्याख्याने बहुधा येथेच थांबतात. "हे सारे आमच्याकडे आधीच होते" असे म्हणून टाळ्या घेतल्या जातात. आमचा आक्षेप टाळ्यांना नाही. त्या लोकांनी पुढे काय केले ते आपण वाचत नाही, याला आहे. त्यांनी प्रकाश मोजला. सोरालेन त्वचेत असताना ३२० ते ४०० नॅनोमीटरचे किरण पडले की ते पेशीतील डीएनएला घट्ट जखडते. त्यातून येणारा दाह साध्या उन्हाच्या भाजण्यासारखा त्याच दिवशी दिसत नाही. तो बहुधा दुसऱ्या दिवशी सुरू होतो व ४८ ते ७२ तासांत कळसाला पोहोचतो. आमच्या रुग्णाच्या तिसऱ्या दिवसाचा उलगडा येथे झाला. रोज उन्हात बसणारा रुग्ण पहिल्या दिवसाचा परिणाम दिसण्यापूर्वीच दुसरी व तिसरी मात्रा घेऊन मोकळा होतो. शिवाय श्वित्रात जेथे त्वचेला इजा होते तेथे नवा डाग उठू शकतो, म्हणजे अतिमात्रेने रोगच वाढतो. दीर्घकाळ पुवा घेतलेल्या रुग्णांत त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण वाढल्याचे १९७९ पासून प्रसिद्ध होत आले आहे. आज अनेक ठिकाणी सोरालेनवाचूनची ३११ नॅनोमीटरची किरणचिकित्सा अधिक पसंत केली जाते, ती याच कारणाने.

चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या सातव्या अध्यायात श्वित्रासाठी सूर्यसंताप सांगितला, तो स्नेहन व विरेचनानंतर आणि रुग्णाच्या बळानुसार. पुढे तीन दिवस पेयेचा क्रमही सांगितला. म्हणजे मात्रेचा विचार ग्रंथात आहे. गाळला तो आपण.

नांदेड-लातुरात तर हा विचार अधिकच निकडीचा आहे. मे महिन्याच्या मध्यास मध्यान्हीचा सूर्य येथे थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. रुग्ण मात्र ऊन चटक्यावरून ओळखतो. चटका उष्णतेचा असतो, अतिनील किरणांचा नव्हे. पौषातले सुखद दुपारचे ऊनही हे किरण आणते, आणि खिडकीची काच त्यांतील बराच भाग आत सोडते.

औषधालयांच्या मालकांनाही एक विनंती आहे. बिब्बा औषधी नियमांच्या अनुसूची ई(१) मध्ये आहे, म्हणून त्याच्या पोटात घेण्याच्या कल्पावर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापावी लागते. बावची त्या यादीत नाही. म्हणून बावचीचे तेल मागेल त्याला, खोबरेल द्यावे तसे दिले जाते. कायदा सांगत नसला तरी बाटलीवर चार ओळींची मराठी चिठ्ठी चिकटविण्यास कोणाची ना नसावी. पोटात घेण्याच्या बावचीबाबत तर अधिक सावध राहावे. यकृताला अपाय झाल्याच्या नोंदी आहेत.

आम्ही आता चिठ्ठीवर औषधांखाली 'ऊन' असे वेगळे लिहितो. प्रथम एकाच लहान डागावर तेल, अर्ध्या तासाने सकाळचे एक मिनिट ऊन, मग साबणाने धुऊन तो भाग कापडाने झाकणे. त्यानंतर तीन दिवस काहीही नाही. चौथ्या दिवशी रुग्णाने डाग दाखवायला यायचे, आणि आम्ही पाहिल्यावरच पुढचे मिनिट ठरवायचे. एवढ्यासाठी एसटीने पुन्हा यावे लागते म्हणून काही रुग्ण कुरकुरतात, काही दुसऱ्या वैद्याकडे जातात. वैशाखात नवा रुग्ण आला तर बावची सुरूच करीत नाही. शोधन व पथ्य चालू ठेवतो आणि पाऊस लागेपर्यंत थांबावयास सांगतो.